बी संपेपर्यंत

त्या तणाचं पुस्तकातलं नाव काय असायचं ते असो, घरात त्याला पाहुणा म्हणत. हे नाव थोरल्या सुनेच्या नवऱ्यानेच ठेवलं होतं. तेव्हा शेतात त्याची चार-दोनच ताटं दिसायची आणि चेष्टा परवडत होती. “आलाय, राहील दोन दिवस, जाईल,” असं तो म्हणाला होता. पाहुणा गेला नाही. त्याने आधी मुलंबाळं बोलावून घेतली, मग सगळं गणगोत, आणि आता थोरलीच्या शेतात सोयाबीन कुठं आहे हे दाखवायला माणूस सोबत न्यावा लागत होता.

शेत मुळात एकच, सासऱ्याच्या नावावरचं. मधे बांध घालून त्याने दोन मुलांना कसायला दिलं होतं: खालचा तुकडा थोरल्याला, वरचा धाकट्याला. धाकटा आजारपणात गेला. पोरबाळ नव्हतं. वरचा तुकडा त्याची बायको बघू लागली, तेव्हा सगळ्यांना वाटलं की वर्षभरात ही हात टेकेल आणि तुकडा आपसूक थोरल्याकडे येईल. थोरलीने तर ते मनात धरूनच ठेवलं होतं. वरच्या तुकड्यात विहिरीची मोटर कुठे हलवायची, हेसुद्धा तिने ठरवलं होतं.

धाकटीने हात टेकले नाहीत. उलट तिचं शेत बघायला माणसं येऊ लागली.

दोघींच्या शेतात बियाणं एकाच जातीचं होतं, तणनाशक सोसणारं. वरून फवारा मारला की बाकी सगळं पिवळं पडून झोपतं आणि सोयाबीन तेवढं उभं राहतं. पहिली काही वर्षं म्हणजे नुसती चैन. थोरलीच्या नवऱ्याने लांब दांड्यांचं फवारणी यंत्र घेतलं, मळणीचं मोठं यंत्र घेतलं, आणि दर हंगामाला तेच पीक, तेच औषध, तीच बाटली. फवाऱ्यातून वाचलेली चार ताटं कुणी उपटायची? उन्हात वाकायचं कुणी? “चार राहिली तर राहू देत, आपण काय भिकारी आहोत?” असं म्हणून तो सावलीला जायचा. त्या चार ताटांनी तुरे धरले, तुऱ्यांतून मोहरीहूनही बारीक काळं बी सांडलं, आणि जे बाप विष पिऊन जगले त्यांची लेकरं ते विष पाण्यासारखी पिऊ लागली. पाहुणा आता डोक्याएवढा वाढायचा. देठ मनगटाएवढा. मळणी यंत्राचे दात त्यात अडकून मोडायचे, आणि थोरला खाली उतरून बियाणेवाल्यांच्या, औषधवाल्यांच्या, हवामानाच्या नावाने बोटं मोडायचा. स्वतःच्या नावाने कधीच नाही.

धाकटी शिकायला गेली. बियाणे कंपनीच्या एक मॅडम होत्या, त्या हंगामाआधी वर्ग घ्यायच्या. ही वही न नेता जायची आणि सगळं डोक्यात घेऊन यायची. पीक आलटून पालटून घ्यायचं. औषध बदलायचं, एकाच्याच खांद्यावर सगळा भार टाकायचा नाही. मधल्या काळात गवती पीक वाढवून ते जमिनीवर आडवं करायचं आणि त्यातून पेरायचं, म्हणजे तणाला ऊन दिसत नाही. ओळींमधली कोळपणी सोडायची नाही. एवढं करूनही जे उगवेल ते तुरा धरायच्या आत हाताने उपटायचं, बांधावर टाकायचं नाही, पोत्यात भरून बाहेर न्यायचं. हे तण नुसतं ओल्या मातीवर पडलं तरी पुन्हा मूळ धरतं, इतकं ते बेशरम. दुसऱ्याच्या शेतातून आलेलं यंत्र झाडून पुसून घेतल्याशिवाय आत घ्यायचं नाही. शेतात शिरताना नळावर बूट धुवायचे.

“आता तुझ्या शेतात यायचं तर आंघोळ करून यावं लागेल की काय?” थोरली म्हणाली होती.

“नुसते बूट धुतले तरी चालेल, ताई,” धाकटी म्हणाली. ती चेष्टेला सरळ उत्तर द्यायची. माणसाला याचाच जास्त राग येतो.

थोरल्याने तर यंत्र धुवायला चक्क नकार दिला. “यंत्र म्हणजे काय नवरदेव आहे, न्हाऊ घालायला?” मग धाकटीने पैसे मोजून दुसऱ्याचं यंत्र आणलं. सख्ख्या जावेचं यंत्र दारात उभं असताना. थोरलीने ते कुणालाही माफ केलं नाही.

आणि सासरा. त्याला गावात दुर्बीण म्हणत, कारण रस्त्याने चालता चालता दुसऱ्याच्या शेतातलं वेगळं पान त्याला दिसायचं आणि तो आत शिरून ते उपटून मालकाच्या हातात द्यायचा. थोरली या घरात आली तेव्हापासून त्याच्यासाठी पाणी तापवत होती, ताट वाढत होती, त्याचे पाय सुजले तर शेकत होती. त्याने कधी वाईट शब्द काढला नव्हता, आणि चांगलाही नव्हता. पण धाकटीबरोबर तो रोज संध्याकाळी शेतात जायचा. तिने विहिरीकडचा अर्धा भाग घ्यायचा, त्याने रस्त्याकडचा, कारण तिकडे जमीन सपाट होती. एकेक ओळ चालत जायची, पाहुणा दिसला की उपटायचा, पोत्यात टाकायचा. परत येताना म्हातारा काहीतरी सांगायचा आणि धाकटी हसायची. ते हसणं खालच्या शेतापर्यंत ऐकू यायचं.

हे सगळं थोरलीने सोसलं असतं. पण मग तो चहाचा दिवस आला.

कंपनीने धाकटीचा तुकडा बियाण्याचा प्लॉट म्हणून घेतला होता. तिच्या शेतातलं सोयाबीन दुसऱ्या शेतकऱ्यांना बी म्हणून जाणार, त्यामुळे नियम कडक: मळणीआधीच्या तपासणीत पाहुण्याचं तुरा धरलेलं एक जरी ताट सापडलं, तरी प्लॉट बाद. त्या दिवशी मॅडम बाहेरगावचे शेतकरी घेऊन प्लॉट दाखवायला आल्या होत्या. घराची लाज राखायची म्हणून थोरली बांधावर सगळ्यांना चहा घेऊन गेली. ती कप वाटत असताना मॅडम त्या शेतकऱ्यांना म्हणाल्या, “हे नीट केलं तर काय होतं ते तुम्ही पाहिलं. आता जरा मागे वळून बघा. हे केलं नाही तर काय होतं, ते तिकडे आहे.”

सगळे वळले. खालच्या शेतात पाहुणा वाऱ्यावर डुलत होता. एकजण हसला. दुसऱ्याने विचारलं, “कुणाचं हो हे?” मॅडमना माहीत नव्हतं. धाकटीने खाली पाहिलं. म्हाताऱ्याने कपातला चहा संपवला, कप थोरलीच्या ताटलीत ठेवला आणि म्हणाला, “आमचंच.”

त्या रात्री जेवताना त्याने पुढचं सांगून टाकलं. “यंदाचा प्लॉट पास झाला, की दोन्ही तुकडे धाकटी बघेल. जमीन माझ्या नावावर आहे, आणि ती अशी मरताना मला बघवत नाही. तुम्ही दोघं तिच्या हाताखाली काम करा. शिकाल.”

थोरला हसला आणि त्याने आणखी वाढून घेतलं. बाबांचं काय मनावर घ्यायचं, असा त्याचा एकूण स्वभाव. थोरलीने मात्र ताट बाजूला सारलं. हाताखाली. त्या कालच्या पोरीच्या हाताखाली, नळावर बूट धुऊन, पाठीवर पोतं टाकून. तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथून खाली आलीच नाही.

तिला शेतीतलं काही कळत नाही असं नवरा चारचौघांत म्हणायचा. तिला हवं तेवढं कळत होतं.

शेवटची फेरी झाल्यावर धाकटी प्लॉट बंद करायची. तपासणीपर्यंत कुणी पाऊल ठेवायचं नाही, म्हणजे बुटाला चिकटून बी आत जायला नको. ते दिवस शेताकडे कुणी फिरकतही नसे. भर दुपारी, घरातले सगळे आडवे झाल्यावर, थोरली फावडं आणि बादली घेऊन आपल्याच शेतात गेली. तिने पाहुण्याचं एक बेताचं ताट निवडलं, फार उंच नाही, पण तुरा पिकलेला. मुळाभोवतीची माती न सुटू देता काढलं, बादलीत ठेवलं, आणि बांध ओलांडला.

जागा कुठली, हे तिने चहाच्या दिवशीच ठरवलं होतं. विहिरीकडच्या बाजूला लावलं असतं तर लोक म्हणाले असते, धाकटीचं दुर्लक्ष झालं असेल, पण एवढी दक्ष बाई, कसं झालं? शंका आली असती. म्हाताऱ्याच्या बाजूला लावलं तर शंका कुणालाच येणार नव्हती. म्हातारा माणूस, डोळे गेले असतील. किती सरळ गोष्ट. रस्त्याकडून तिसऱ्या ओळीत तिने खड्डा केला, ताट लावलं, भोवती माती दाबली, तांब्याभर पाणी घातलं. ते सोयाबीनच्या वर हातभर निघत होतं. बांधावरून कुणाला आधीच दिसलं असतं तर सगळंच मुसळ केरात. म्हणून तिने त्याची मान धरून खाली वाकवली आणि सोयाबीनच्या पानांआड नीट दडवली. तपासणीला मॅडम एकेक ओळ पानं बाजूला सारत बघतात हे तिला माहीत होतं. मग बादली धुऊन ती घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी बहिणीच्या मुलीच्या बाळंतपणाला म्हणून बहिणीकडे निघून गेली. तिथे तिने बाळाला तेल चोळलं, अंगाई म्हटली, आणि तिला गाढ झोप लागत होती, हेही सांगायला हवं.

ती परतली तेव्हा तपासणी होऊन गेली होती. धाकटी नळावर बूट धूत होती. आता धुवायची गरज उरली नव्हती, तरी धूत होती.

“काय गं, काय झालं?”

“एक निघाला, ताई. प्लॉट बाद.”

“अगं बाई! कुठं?”

“तिसऱ्या ओळीत. रस्त्याकडून.” मग धाकटीने आवाज खाली आणला. “मामंजींसमोर विषय काढू नका. त्यांना काही विचारू नका.”

यापलीकडे ती बोलली नाही. म्हातारा मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. तपासणीच्या दिवशी थोरलाही यंत्र घेऊन दुसरीकडे गेला होता; बांधावर फक्त तिघंच होती: मॅडम, धाकटी आणि म्हातारा. तिघांपैकी कुणीच घरात अवाक्षर काढलं नाही. थोरलीने दोन अश्रू गाळले. चांगले आले.

धाकटीजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. प्लॉट गेला म्हणजे वर्ष गेलं, आणि कंपनी बाद झालेलं शेत काही हंगाम परत घेत नाही. तिने शहरात त्याच कंपनीच्या कारखान्यात काम धरलं, पट्ट्यावरून सरकणाऱ्या बियांतून खराब दाणे वेचायचं. निघताना तिने मोटरच्या खोलीची किल्ली थोरलीच्या हातात दिली. “मामंजींना संध्याकाळी फिरवून आणा, ताई. त्यांना एकटं बसू देऊ नका.” मग ती म्हाताऱ्याच्या पाया पडली आणि म्हणाली, “तुमची काही चूक नाही, मामंजी.” म्हाताऱ्याने मान हलवली. चूक नाही असं तिने म्हटल्यामुळेच ती चूक पक्की झाली, हे तिला बिचारीला कसं कळावं.

थोरल्याने यंत्र आपल्या शेतातून काढलं आणि तसंच, न झाडता न पुसता, बांध फोडून वरच्या तुकड्यात घातलं. मागच्या खोलीत त्याचा आवाज स्पष्ट येत होता. म्हातारा उठून खिडकी लावून परत बसला. थोरली ओसरीवर उभी राहून तो आवाज ऐकत होती, आणि तिला वाटत होतं, आपल्याला एवढं बरं किती दिवसांत वाटलं नव्हतं.

त्यानंतर म्हातारा रोज एकच प्रश्न विचारू लागला. ताट समोर ठेवलं की विचारायचा, “कुठल्या ओळीत होता गं?”

“तिसऱ्या, मामंजी.”

“तिसरी मी दोनदा चाललो होतो.”

“असेल, मामंजी. जेवा.”

आधी याची तिला भीती वाटली, मग सवय झाली, मग कंटाळा आला. म्हातारा पांघरुणावरचे धागे वेचायचा. भिंतीवरची मुंगी कुठवर गेली ते मोठ्याने सांगायचा आणि मग जवळ जाऊन बोट लावून खात्री करायचा. बाहेर पडेनासा झाला. गावाने दुर्बिणीची फुटकी दुर्बीण केली होती, आणि गावात असं काही केलं की ज्याचं त्याला ते पोचवायलाही कुणीतरी लागतं. ते काम थोरल्याने आनंदाने केलं.

एकदा ओसरीवर शेजारचे दोघं-तिघं बसले होते. थोरल्याने बापाला हाताला धरून बाहेर आणलं, खुर्चीवर बसवलं आणि समोर हात धरला. “बाबा, किती बोटं?”

“तीन,” म्हातारा म्हणाला.

तीनच होती. थोरल्याने शेजाऱ्यांकडे बघून डोळा मारला. “चुकलं, बाबा. नीट बघा.”

म्हातारा पुढे वाकला. त्याने डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं. “तीनच दिसतायत रे.”

“अरेरे,” थोरला म्हणाला. “बघा, म्हणून प्लॉट गेला.” शेजाऱ्यांनी तोंडावर हात दाबले. एकाला आवरलं नाही, तो फिस्सकन हसला, आणि मग सगळेच हसले. दारात उभी थोरलीही हसली. म्हाताऱ्याने मुलाचा हात आपल्या हातात धरला, एकेक बोट चाचपून मोजलं, आणि मोजून झाल्यावरही त्याची खात्री पटली नाही. तो उठला, भिंतीचा आधार घेत आत गेला, आणि त्या दिवसापासून त्याने जेवण टाकलं.

तोपर्यंत पुढचा हंगाम लागला होता. वरच्या तुकड्यात सोयाबीन वीतभर आलं होतं आणि त्याच्या मधून मधून पाहुणा, लाल देठाचा, तजेलदार. थोरल्याने बाटली आणली, फवारा मारला, दुसऱ्या आठवड्यात पाहुणा आणखी बोटभर वाढला. थोरलीला ते दिसत होतं. पण तिच्या डोक्यात ते नव्हतंच. तिच्या डोक्यात परत जाणारं ताट होतं. सकाळचं तसंच, संध्याकाळचं तसंच. म्हाताऱ्याच्या गालांची हाडं वर आली होती, आणि एका दुपारी ती गेली तेव्हा तो डोळ्यांसमोर स्वतःचाच हात धरून पुटपुटत होता: पाच, पाच, पाच.

तिला दया आली. सांगायला हरकत नाही, खरोखरची आली. इतक्या वर्षांत या घरात तिने मनापासून केलेली ही पहिलीच चांगली गोष्ट असेल, आणि त्या चांगुलपणानेच तिचा घात केला. ती खाली बसली, घास घेऊन त्याच्या तोंडाशी नेला आणि म्हणाली, “मामंजी, किती जिवाला लावून घ्याल? तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. तो मान खाली घालून पानांआड दडला होता. तिथं तरण्या माणसालाही दिसला नसता.”

म्हाताऱ्याने तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं.

“दडला होता?”

“हो ना. म्हणून तर.”

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी कशाला सांगायला हवं? त्याशिवाय का तुमच्या नजरेतून सुटेल?”

म्हाताऱ्याने तिचा हात तोंडापासून बाजूला केला. तो तिच्याकडे पाहू लागला. फार दिवसांनी तो कुणाकडे तरी सरळ पाहत होता.

“पोरी, तो ताठ उभा होता,” तो म्हणाला. “सोयाबीनच्या वर हातभर. मॅडम अजून आत शिरल्याही नव्हत्या. बांधावरूनच बोट दाखवून म्हणाल्या, आजोबा, ते काय दिसतंय? एवढा उभा आणि मला दिसला नाही, याचीच तर मला लाज. ते मी कुणाला सांगितलं नाही. धाकटीनेही माझ्यासाठी सांगितलं नाही.” तो थांबला. “मग तू त्याला मान खाली घातलेला कधी पाहिलास?”

थोरलीच्या हातातला घास ताटात पडला. ती बहिणीकडे बाळाला तेल चोळत होती तेव्हा त्याने मान वर काढली होती. ऊन शोधत, हळूहळू, कुणाला न विचारता. तिने त्याला लावलं, पाणी घातलं, वाकवलं, आणि एवढं एक तिच्या ध्यानात आलं नाही की तो जिवंत आहे.

“मामंजी, मी...” ती म्हणाली.

“त्या दिवशी तीनच बोटं होती ना?”

“हो.”

“आणि तूही हसलीस.”

“हो.”

ती वाट बघत होती, आता हा ओरडेल, आता ताट भिरकावेल. म्हातारा रडायला लागला, पण ते रडणं वेगळंच होतं. त्याचे खांदे हलत होते आणि तोंड हसत होतं. “डोळे शाबूत आहेत,” तो म्हणाला. “माझे डोळे शाबूत आहेत गं.” मग त्याने ताट स्वतःकडे ओढलं आणि सगळं, अगदी शेवटच्या शितापर्यंत, जेवला. ती समोर बसून बघत राहिली. उठायचं धैर्य तिला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने दाढी केली आणि तिला हाक मारली. “जमीन अजून माझ्या नावावर आहे,” तो म्हणाला. “आज संध्याकाळपासून वरच्या तुकड्यात जायचं. हाताने काढायचा. मुळासकट. पोत्यात भरायचा.”

“ह्यांना सांगणार तुम्ही?”

“त्याला कशाला? तो पुन्हा हसेल.”

“आणि मी नाही केलं तर?”

“तर दोन्ही तुकडे उद्याच धाकटीचे, आणि का ते गावाला सांगेन. तुम्ही दोघं दुसरं घर बघा.”

“आणि केलं तर?”

“तर वरचा तिचा, स्वच्छ करून. खालचा तुम्हाला, पाहुण्यासकट.”

थोरलीने वरच्या तुकड्याकडे पाहिलं. मग तिने जे विचारायचं होतं ते विचारलं. “किती दिवस?”

“बी संपेपर्यंत,” म्हातारा म्हणाला. “मातीत पडलेलं सगळं एकदम उगवत नाही, असं मॅडम म्हणायच्या. थोडं यंदा, थोडं पुढच्या वर्षी, थोडं त्याच्या पुढच्या. एकालाही तुरा धरू दिला नाही, तर कधीतरी संपतं. तुझं वय आहे.”

संध्याकाळी ती धाकटीचे हातमोजे घालून निघाली. ते मोटरच्या खोलीत खिळ्याला टांगलेले होते. म्हाताऱ्याने ते तिच्या हातातून काढून घेतले आणि परत खिळ्याला अडकवले. “ते तिचे आहेत,” तो म्हणाला. “आणि बूट धुऊन घे.”

तेव्हापासून रोज हेच चाललं. म्हातारा बांधावर खुर्ची टाकून काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून बसायचा आणि ती ओळीत वाकायची. पाहुण्याचा देठ हातात घट्ट धरून ओढला की तळहात सोलवटायचा. तुटला तर मूळ आत राहायचं आणि ते बोटांनी उकरून काढावं लागायचं. ती ओळीच्या टोकाला पोचली की म्हातारा काठीने मागे दाखवायचा. “एक राहिला.” ती मागे जायची. खरंच राहिलेला असायचा, दोन पानांचा, नखाएवढा. ओळ पुन्हा पहिल्यापासून. तिची कंबर रात्री धरून यायची आणि नवरा विचारायचा, “तुला हे कुठलं वेड लागलंय?” ती म्हणायची, “मामंजींच्या जिवाला बरं वाटतं.” त्याला पटायचं. त्याला कुठलीही गोष्ट पटायची, फक्त त्याला उठावं लागणार नसेल तर.

गाव मात्र बघत होतं. रस्त्याने जाणारे थांबायचे आणि म्हाताऱ्याला म्हणायचे, “सून नशिबाने मिळाली तुम्हाला.” आणि म्हातारा, ज्याने आयुष्यभर तिच्याविषयी चांगला शब्द काढला नव्हता, तो मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं सांगायचा, “अहो, माझ्यासाठी किती करते! मी नको म्हणतो, तरी ऐकत नाही.” तिची मान खाली असायची. लोकांना तो विनय वाटायचा. त्याला पुन्हा दुर्बीण म्हणायला लागले होते.

एका गोष्टीवर ती तग धरून होती, आणि ती गोष्ट म्हाताऱ्याचं वय ही होती. वाकलेली असताना ती कानोसा घ्यायची, तो किती खोकतो, उठताना किती वेळ लागतो. आणखी एखादा हिवाळा. फार तर दोन. मग खुर्ची रिकामी होईल आणि तिची गोष्ट तिच्याजवळच राहील. हा हिशेब तिला त्या शेतात उभं ठेवत होता, आणि तो करताना तिला जराही लाज वाटत नव्हती, कारण लाज वाटायला जी जागा लागते तिथे आता फक्त कंबर दुखत होती.

एका सुटीच्या दिवशी ती नळावर बूट धुऊन बांधावर आली, तर तिथे दोन खुर्च्या होत्या.

एकीवर म्हातारा होता. दुसरीवर धाकटी होती, शहरातल्या कपड्यांत, मांडीवर हात ठेवून. ती वाळली होती. पट्ट्यावरचे दाणे बघून बघून तिचे डोळे लाल झाले होते. थोरलीला बघून ती उठली नाही.

“आता दर सुटीला येईल,” म्हातारा म्हणाला. “मी तिला सगळं सांगितलंय. मी काय, आज आहे, उद्या नाही. शेताकडे बघायला कुणी नको का?”

थोरलीला वाटलं, तसंच मागे फिरावं, पण जाणार कुठे? तिने धाकटीकडे पाहिलं. ही रडेल, शिव्या देईल, गळा धरेल, काहीतरी करेल असं तिला वाटलं; खरं तर तिला ते हवं होतं. धाकटीने काहीच केलं नाही. ती शेताकडे बघत होती, पट्ट्याकडे बघावं तशी.

थोरली ओळीत शिरली. वाकली. पहिला पाहुणा उपटला, पोत्यात टाकला, दुसरा उपटला, पुढे सरकली. मागून काठीचा आवाज यायची ती वाट बघत होती. काठी वाजली नाही. त्याऐवजी धाकटीचा आवाज आला, पूर्वीसारखाच सरळ, पूर्वीसारखाच मऊ.

“ताई, एक राहिला. तुमच्या मागे.”